घाबरलेले हात

पहिल्यांदा कातळ चढून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरवता येत नाही. मांड्या ठीक असतात, पोटऱ्या जराशा दुखतात, पण कोपरापासून मनगटापर्यंतचा हात असा आखडलेला असतो की शर्टाचं बटण लावणंही जड जातं. खरं तर यात काहीतरी विसंगत आहे. साठ-सत्तर किलोचं शरीर वर उचलायचं, तर ते काम मांड्यांचं. शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी काही तिथे आहेत आणि जिने चढताना आपण ते रोज वापरतो. मग कातळावर सगळा भुर्दंड कोपराखालच्या हातालाच का पडावा?

नवशिक्याचं उत्तर ठरलेलं असतं: “हातात ताकद कमी पडली.” मग जिम लावली जाते, पुल-अप्स सुरू होतात. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. त्याच कातळावर, त्याच वाटेने एखादी अनुभवी प्रस्तरारोहक चढून येते. तिला कदाचित चार पुल-अप्सही धड जमत नसतील, पण तिचे हात ताजे असतात. फरक ताकदीत असतो त्याहून जास्त असतो तो पकडीच्या घट्टपणात. पकड किती घट्ट करायची हे बऱ्याचदा दगड ठरवत नाही, डोकं ठरवतं. प्रस्तरारोहणात शरीराचा कस वेगळा आणि मनाचा वेगळा असं मोजता येत नाही, कारण भीतीचा पहिला परिणाम कोपराखालच्या हातावरच होतो. हे नेमकं कसं घडतं ते या प्रकरणात पाहू.

बोटं कोण वाकवतं?

आपण म्हणतो ‘बोटांत ताकद हवी’, पण पकड आवळणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराजवळ सुरू होतात आणि मनगटाच्या अलीकडेच संपतात. तिथून पुढे निघतात त्या कंडरा, म्हणजे चिवट, पांढऱ्या दोऱ्या. त्या मनगटातून आणि तळहातातून जात बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. कळसूत्री बाहुलीचे दोरे जसे पडद्यामागून ओढले जातात, तशी आपली बोटं कोपराकडून ओढली जातात. हे दोरे दोन थरांत असतात. वरच्या थराच्या कंडरा बोटाच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात आणि खोल थराच्या अगदी टोकाच्या हाडाला. बोटाच्या एका पेरावर लटकताना जी कळ कोपराखाली जाणवते ती याच स्नायूंची.

बोट वाकलं तरी कंडरा हाडाला धरून राहाव्यात म्हणून बोटाच्या आतल्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात. शरीरशास्त्रात त्यांना ए-१ ते ए-५ अशी नावं आहेत. त्यांतली बोटाच्या मुळाजवळची ए-२ ही पट्टी प्रस्तरारोहकांच्या परिचयाची असते, कारण दुखापत झाली की बहुधा तिलाच होते आणि तीही अनामिकेतली. ती फाटताना कधीकधी ‘टप्’ असा आवाज बाजूच्या माणसालाही ऐकू येतो. त्यानंतर बोट सुजतं आणि काही आठवडे, कधी काही महिने, कातळ बंद.

याचा संबंध पकडीच्या प्रकाराशी आहे. अगदी बारीक कंगोरा धरायचा असला की नवशिका बोटांचे मधले सांधे काटकोनात वाकवतो, टोकं दगडावर दाबतो आणि वरून अंगठाही आवळतो. ही ‘क्रिंप’ पकड. तिच्यात खात्री वाटते, म्हणून हात आपोआप तिच्याकडे वळतो. पण ए-२ वर सर्वांत जास्त ताण याच पकडीत येतो. बोटं जवळजवळ सरळ ठेवून, पेरं दगडावर नुसती टेकवून धरलेली ‘उघडी’ पकड सुरुवातीला कमकुवत वाटते, पण पट्ट्यांवर तिचा भार बराच कमी असतो. तिची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

इथे आणखी एक अडचण आहे. नियमित सराव केला तर स्नायू काही आठवड्यांत ताकदवान होतात, तर कंडरा आणि पट्ट्या तयार व्हायला महिने लागतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या सरावानंतर एक फसवा काळ येतो. स्नायू म्हणतात, अवघड वाट घे. बोटं अजून त्या तयारीची झालेली नसतात. उत्साही तरुणांची पहिली दुखापत बऱ्याचदा याच काळातली असते. वाढीच्या वयातल्या मुलांनी तर आणखी सांभाळावं. त्यांच्या बोटांच्या हाडांत वाढीचं, कूर्चेचं मऊ क्षेत्र अजून असतं आणि अतिरेकी सरावाने तिथेच चीर जाऊ शकते. मुलांनी भरपूर चढावं, पण बोटांवर लटकण्याचे व्यायाम करू नयेत.

रक्ताची कोंडी

चालताना किंवा धावताना स्नायू आवळतो, सैल होतो, पुन्हा आवळतो. प्रत्येक वेळी सैल होताना त्यात ताजं रक्त येतं. कातळावरच्या पकडीत हा ‘सैल’ भाग गायब होतो. स्नायू आवळलेला राहतो आणि आतला दाब एवढा वाढतो की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. कमाल ताकदीच्या साधारण निम्म्याच्या पुढे पकड गेली की रक्तप्रवाह फार मंदावतो आणि आणखी आवळली तर जवळजवळ थांबतो. प्राणवायू पोचत नाही, साठलेला कचरा बाहेर पडत नाही. कोपराखालचा हात फुगून कडक होतो, जळजळतो आणि मग बोटं आपोआप उघडायला लागतात. मुंबई-पुण्याकडचे प्रस्तरारोहक याला सरळ ‘पंप झाला’ म्हणतात.

यातला हिशोब नीट पाहिला तर सुटकेचे दोन मार्ग दिसतात. एक, कमाल ताकद वाढवायची, म्हणजे तीच पकड ताकदीच्या कमी टक्क्यांत धरता येते. याला वर्षं लागतात. दुसरा, पकड गरजेपुरतीच आवळायची. एखाद्या खाचेला कमाल ताकदीच्या पंचवीस टक्के जोर पुरत असेल आणि आपण साठ टक्के लावत असू, तर उरलेले पस्तीस टक्के निव्वळ वाया जातात. वर त्या उधळपट्टीने रक्तही अडतं. हा दुसरा मार्ग फुकट आहे आणि तो पहिल्या दिवसापासून शिकता येतो.

रोज दहा किलोमीटर धावणारे लोक कातळावर आल्यावर चकित होतात ते याच कारणाने. चढाईत हृदयाचे ठोके जेवढे वाढतात तेवढा प्राणवायू शरीर प्रत्यक्षात वापरत नसतं. हात छातीच्या वर उचललेले, स्नायू सतत आवळलेले आणि मन धास्तावलेलं, या तिन्हींमुळे ठोके पळतात. फुप्फुसांची तयारी इथे उपयोगी पडते, पण आडून. विश्रांतीच्या जागी ती लवकर सावरून देते.

ही विश्रांती वाटेतच शोधायची असते. दोन्ही पाय नीट टेकतील अशी जागा आली की एक हात सरळ ठेवून त्यावर टेकायचं आणि दुसरा खाली सोडून हळूहळू झटकायचा. मग हात बदलायचे. कोपर सरळ असला की भार हाडं आणि सांधे घेतात, कोपर वाकला की स्नायू घेतात. नवशिक्याचे कोपर सतत वाकलेले असतात. दगड जवळ ओढून धरला की सुरक्षित वाटतं, म्हणून.

वजन जातं कुठे?

वजन हातांवर येऊ नये म्हणून ते पायांवर जायला हवं. पायांवर ते जाईल की नाही हे कंबरेवर अवलंबून असतं. सरळ उभ्या कातळावर कंबर मागे गेली की शरीराचा गुरुत्वमध्य पावलांपासून लांब जातो आणि मागे पडू नये म्हणून हातांना ओढून धरावं लागतं. कंबर दगडाजवळ आणली, गरज पडली तर एक कुल्हा वळवून भिंतीला लावला, की तोच भार पावलांवर उतरतो.

तिरप्या, उतरत्या कातळावर मात्र याच्या उलट करायचं. तिथे नवशिका घाबरून दगडाला मिठी मारतो. छाती दगडाला टेकली की पावलांवरचा दाब कमी होतो, पाऊल दगडाला चिकटवून ठेवणारं घर्षणही तेवढंच घटतं आणि पाय सटकतो. तिथे छाती दगडापासून सोडवून पावलांवर सरळ उभं राहायचं, टाच खाली दाबायची आणि बुटाचं जास्तीत जास्त रबर दगडाला लावायचं. जे केल्याने घसरू असं वाटतं त्यानेच घसरणं थांबतं. यावर विश्वास बसायला एक दिवस पुरत नाही.

पावलाचं तंत्र तसं सोपं आहे. चवडा नव्हे, अंगठ्याची आतली कड कंगोऱ्यावर ठेवायची. पाऊल टेकेपर्यंत नजर त्यावरच ठेवायची. नवशिक्यांची नजर पुढच्या हातपकडीकडे आधीच निघून गेलेली असते आणि पाय आंधळेपणाने दगडावर घासत राहतो. एकदा ठेवलेलं पाऊल पुन्हापुन्हा हलवायचं नाही. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकीचे तीन टेकलेले ठेवायचे. हा जुना ‘तीन बिंदूं’चा नियम पहिलं वर्षभर पाळावा.

याच काळात पाय लटलट कापायला लागतात. पावलाच्या टोकावर उभं राहिलं की पोटरी सतत अर्धवट ताणलेली राहते. तिच्यातली ताणाची प्रतिक्षिप्त क्रिया आणि रक्तातलं ॲड्रेनालिन मिळून ती ठरावीक लयीत थरथरवतात. खालून हसू येतं, वर मात्र जीव टांगणीला लागलेला असतो. उपाय अगदी साधा: टाच खाली सोडायची, लांब श्वास सोडायचा आणि त्या पायावर पूर्ण भार द्यायचा. घाबरून भार काढून घेतला की थरथर वाढते.

सह्याद्रीचा दगड या शिक्षणाला एका परीने सोयीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून इथला बेसाल्ट तयार झाला. म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: काही उभा कातळ, मग गवताची आडवी पट्टी, पुन्हा कातळ. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं दगडात राहून गेली. काहींत नंतर पांढरे स्फटिक भरले, काही रिकामी राहिली. नवशिक्याची बोटं आणि बुटाची टोकं या भोकांत आणि थरांमधल्या आडव्या कंगोऱ्यांवर बसतात. थंडीतल्या सकाळी, सावलीच्या बाजूला हे सगळं जमून येतं. मार्चनंतर काळा दगड तापतो, घाम सुटतो आणि पकड जाते. हाताला लावायची पांढरी पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, घाम शोषते, उन्हाचं काही करू शकत नाही.

तीच वाट, दोन उंचींवर

भीती हाताला कशी थकवते हे ॲमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या रॉब पाइपर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली एका नेटक्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी चढाईचा अनुभव नसलेले लोक घेतले आणि कृत्रिम भिंतीवर आडवी जाणारी एक वाट तयार केली. पकडी त्याच, अंतरं तीच, अवघडपणा तोच. फक्त वाट दोन जागी होती: एक जमिनीलगत, दुसरी काही मीटर वर. शरीराला दोन्हीकडे काम सारखंच होतं.

वरच्या वाटेवर लोकांना जास्त भीती वाटली, यात नवल नाही. पण त्यांचे ठोके वाढले, स्नायू जास्त थकले, रक्तातलं लॅक्टेटही, म्हणजे स्नायूंच्या श्रमाची खूण, जास्त निघालं. वाट पार करायला वेळ जास्त लागला आणि हालचाली ताठर, अडखळत्या झाल्या. दगड, किंवा इथे प्लास्टिकच्या पकडी, जराही बदलल्या नव्हत्या. बदललं होतं ते फक्त खालचं अंतर.

2006 सालच्या त्यांच्या पुढच्या प्रयोगांत आणखी बारकावे हाती लागले. उंचीवर असताना ‘माझा हात कुठवर पोचेल’ याचा लोकांचा अंदाज घटला आणि हात प्रत्यक्षातही कमी लांब पोचला. उंचीवर ते वाटेतल्या जास्त पकडी वापरत, म्हणजे छोट्या-छोट्या हालचाली करत, आणि भिंतीवर पाडलेले प्रकाशाचे ठिपके त्यांच्या नजरेतून जास्त निसटत. भीतीने नजरेचा घेरच आक्रसला होता.

आता वर सांगितलेला पंपाचा हिशोब याला जोडला की सगळं दुष्टचक्र दिसतं. उंचीची जाणीव होते, हात नकळत आवळतात, रक्त अडतं. घेर आक्रसल्यामुळे गुडघ्याजवळचा चांगला कंगोरा दिसत नाही, म्हणून पाय वर येत नाही आणि भार हातांवरच राहतो. एकेका पकडीवर वेळ जास्त जातो. हात जळायला लागतो. ‘आता सुटणार’ ही नवी भीती येते आणि ती बिनबुडाची नसते, खरी असते. मग हात आणखी आवळतो.

हे चक्र तोडायची सर्वांत सोपी जागा श्वास आहे. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो. प्रत्येक हालचालीबरोबर मुद्दाम, ऐकू येईल असा श्वास सोडला की खांदे उतरतात आणि बोटांचा जोर थोडा कमी होतो. दुसरी जागा नजर. अडकल्यासारखं वाटलं की वर नव्हे, आधी खाली, गुडघ्याच्या पातळीवर बघायचं. तिसरी जागा आपल्या ताब्यात नसते, ती खाली उभ्या असलेल्या मंडळींच्या हातात असते. आपल्याकडे एकजण कातळावर अडकला की खालून पाचजण ओरडतात: “डावीकडे बघ!”, “पाय वर घे रे!”, “अरे, तो नाही, दुसरा पाय!” आधीच आक्रसलेल्या मनाला यातलं एकही वाक्य पचत नाही. बोलायचं एकाने, तेही मोजकं, असा नियम चांगल्या गटांत असतो.

दोराचं गणित

पण ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने कुणाची भीती जात नाही. भीती कमी होण्यासाठी तिला काही ठोस कारण द्यावं लागतं. ते कारण दोराच्या रचनेत आहे.

चढाईचा दोर ताणला जाणारा असतो. ताग, अंबाडीसारख्या धाग्यांच्या दोरांच्या काळात पुढच्या माणसाने पडायचं नाही हाच नियम होता, कारण झटक्याने दोर तुटे, नाहीतर माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर रुळले आणि पडणं हा खेळाचा भाग होऊ शकला. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत एकेरी दोराला 80 किलोच्या वजनाने कठोर झटका दिला जातो आणि त्या झटक्याचा जोर 12 किलोन्यूटनच्या वर जाऊन चालत नाही. दोर ताणला जाऊन पडण्याची ऊर्जा पोटात घेतो. म्हणूनच रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, न ताणणारा दोर चढाईसाठी वापरायचा नसतो.

नवशिका सहसा ‘टॉप रोप’वर चढतो, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून (पक्क्या आधारातून) खाली आलेला असतो आणि खालचा माणूस बिले देत तो घट्ट ठेवतो. हात सुटले तरी पडणं सहसा थोडंच. तरी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. समजा अँकर पंधरा मीटरवर आहे आणि तुम्ही जमिनीपासून दोन मीटरवर आहात. तुमच्या आणि बिले देणाऱ्याच्या मधला दोर अठ्ठावीस मीटर आहे. तो सात टक्के ताणला तरी सुमारे दोन मीटर होतात, म्हणजे तुम्ही जमिनीला टेकू शकता. चौदा मीटरवर असाल तर मधला दोर जेमतेम सोळा मीटर, ताण मीटरभर आणि खाली मोकळी हवा. म्हणजे टॉप रोपवर सर्वांत जपायची जागा पहिली दोन-तीन मीटर आहे. तिथे कुणालाच भीती वाटत नाही. भीती शिगेला पोचते ती वर, जिथे दोर सर्वांत चोख काम करतो. आपली भीती उंची मोजते, धोका मोजत नाही.

हे समजून घेतल्यावरही शरीराला पटवावं लागतंच. म्हणून चांगले प्रशिक्षक पहिल्याच दिवशी चार-पाच मीटरवर थांबवून सांगतात, “आता हात सोड, मागे टेक.” पहिल्यांदा ते अशक्य वाटतं. काही वेळा केल्यावर हार्नेस, म्हणजे कंबरेचा पट्टा, आणि दोर भार घेतात हे शरीराला कळतं आणि पुढच्या चढाईत पकड आपोआप सैल होते. हा सराव धाडसाचा नसतो, माहिती गोळा करण्याचा असतो.

आणि दोरावरचा विश्वास आंधळा असून चालत नाही. अमेरिकेची लिन हिल ही या खेळातली सर्वश्रेष्ठांपैकी एक. 1993 साली योसेमिटीतल्या एल कॅपिटनच्या ‘नोज’ या प्रचंड वाटेवर केवळ हातापायांच्या बळावर चढणारी ती पहिली व्यक्ती, त्याआधी कुणाही पुरुषाला ते जमलं नव्हतं. पण 1989 साली फ्रान्समधल्या ब्युऊ इथे हार्नेसची गाठ तिने अर्धवट सोडली होती. वर पोचून ती दोरावर टेकली आणि सुमारे 22 मीटर खाली आली. वाटेतल्या झाडाने तिला वाचवलं. ती वाट तिच्यासाठी सोपी, सरावाची होती. अशा चुका घाबरलेला माणूस कमी करतो, निर्धास्त माणूस जास्त. म्हणून चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसचं बक्कल आणि कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) पेच हाताने चाचपून पाहायचा, ही पद्धत जगभर आहे. ‘मला माहीत आहे रे’ म्हणणाऱ्या जुन्या मित्राचीही गाठ चाचपायची.

ज्या भीतीचं ऐकायचं

भीतीचं वजन कमी करा, असं सांगणारं हे प्रकरण इथे उलटं वळण घेतं. कृत्रिम भिंतीवर बहुतेक भीती वाजवीपेक्षा मोठी असते. सह्याद्रीत तसं नाही.

आपला बेसाल्ट चार महिने पाऊस खातो आणि आठ महिने ऊन. भेगांत पाणी शिरतं, गवताची मुळं शिरतात आणि घट्ट दिसणारे तुकडे आतून सुटलेले असतात. म्हणून हाताने ओढण्यापूर्वी दगडावर मुठीने ठोकून पाहायचं. भरीव आवाज आला तर धरायचं, पोकळ आला तर सोडायचं. संशयास्पद दगड वापरावाच लागला तर बाहेर न ओढता खाली दाबायचा. दगड सुटलाच तर खालच्यांना मोठ्याने इशारा द्यायचा. हेल्मेट प्रामुख्याने यासाठीच असतं.

जुन्या मेखांचंही तसंच. आधीच्या मोहिमांत ठोकलेली मेख किंवा बोल्ट किती पावसाळे तिथे आहे, हे वरून दिसत नाही. गंज आत असतो. एकाच जुन्या मेखेवर माणूस टांगणं हा जुगार आहे. अँकर किमान दोन स्वतंत्र, भक्कम आधारांवर लागतो. तिसरा धोका आग्या मोहोळांचा. ही मोठी पोळी उंच कड्यांच्या पुढे आलेल्या भागाखाली लटकलेली असतात आणि आवाज, धूर, उग्र अत्तर यांनी माश्या उठतात. दोरावर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कड्याखाली उभं राहून आधी वर नीट न्याहाळायचं आणि पोळं दिसलं तर तो दिवस दुसरीकडे काढायचा. यात भेकडपणा नाही.

किल्ल्यांच्या वाटेवर लागणाऱ्या रॉक पॅचवर तर नवशिक्याची कसोटी आणखी वेगळी असते. तिथे अवघडपणा कमी, दृष्टिभय जास्त आणि बऱ्याचदा दोर नसतो. कातळ सोपा असतो, पण चूक झाली तर ती सुधारायला संधी नसते. ‘सगळे गेले, मीही जातो’ या दबावाखाली तिथे पाऊल टाकायचं नाही. चढणं उतरण्यापेक्षा सोपं असतं, कारण चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात आणि उतरताना पायांखाली लपलेल्या. म्हणून जिथून उतरता येईल याची खात्री नाही तिथे दोराशिवाय चढायचं नाही. या एका नियमाने बरेच अपघात टळतील.

तेव्हा मनाचं खरं काम भीती घालवणं नाही, तिची छाननी करणं आहे. ‘मला आत्ता कशाची भीती वाटतेय?’ असा प्रश्न स्वतःला शब्दांत विचारायचा. उत्तर ‘खाली फार खोल आहे’ असं आलं आणि दोर नीट असेल, तर श्वास सोडून पुढे जायचं. उत्तर ‘हा दगड हलला’ असं आलं, तर थांबायचं. अनुभवी माणसं घाबरत नाहीत हा गैरसमज आहे. त्यांची छाननी फक्त झटपट होते.

पहिलं वर्ष

सुरुवात कुठे करावी? आजकाल मुंबई, पुणे, नवी मुंबई इथे कृत्रिम भिंती आहेत. 2016 साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे कमी उंचीवरच्या बिनदोराच्या चढाईच्या, विश्वचषकाची एक फेरी झाली आणि 2021 मध्ये टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हापासून शहरातल्या मुलांसाठी हा रस्ता खुला झाला आहे. भिंतीवर तंत्र लवकर शिकता येतं, कारण तिथे तीच वाट दहा वेळा चढता येते. दगड वाचायला मात्र बाहेरच जावं लागतं. पकडी तिथे रंगीत नसतात.

आठवड्यातून दोन दिवस चढणं आणि मध्ये किमान एक दिवस बोटांना विश्रांती, एवढं पहिल्या वर्षी पुरे. लटकण्याच्या फळीला हात लावायची घाई नको. बोटाच्या मुळाशी दुखलं, दाबल्यावर एका ठिकाणी टोचलं, तर ‘थोडं चढलं की मोकळं होईल’ असं म्हणून चढायचं नाही. घरी करायचे व्यायाम फारसे बोटांचे नकोतच. पोटाचे, पाठीचे, खांदा मागे खेचणारे आणि एका पायावर बसून उठण्याचे करावेत. नखं कापलेली असावीत. अंगठी, कडं घरीच ठेवावं, कारण अंगठी खाचेत अडकली आणि पाय सुटला तर बोटाची कातडी सोलून निघू शकते.

प्रत्येक वेळी अवघड वाट शोधण्याची गरज नाही. एखादी सोपी वाट घेऊन ती जितक्या सैल हाताने चढता येईल तितक्या सैल हाताने चढून पाहावी. पकड इतकी हलकी करायची की आणखी हलकी केली तर सुटेल, आणि मग केसभर वाढवायची. बोटांना ‘पुरेसं’ म्हणजे किती हे या सरावातूनच कळतं. पुल-अप्सनी ते कळत नाही.

शेवटी गुरू. या खेळात पहिला दोर कुणाच्या हातात आहे यावर पुढचं बरंच ठरतं. चांगल्या प्रशिक्षकाची ओळख त्याने किती सुळके सर केले यावरून होत नाही. कातळाखाली उभं राहून त्याला विचारा: “दोर वर कशाला बांधलाय? एक आधार सुटला तर दुसरा कुठे आहे? मला दाखवाल का?” चांगला प्रशिक्षक तुम्हाला वर नेऊन अँकर दाखवेल, बोट लावून समजावेल आणि तुम्ही विचारलंत याचा त्याला आनंद होईल. हा प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या दोरावर चढू नये.